आरेखक झेंडीमागे जात नाही

रविवारी सकाळी साडेसातला आरेखकाने टूर बसचं तिकीट फाडलं. रागाने टराटरा फाडलं, असं मात्र कुणी समजू नये. आधी त्याने तिकिटाची मधोमध घडी घातली, घडीवरून नख फिरवलं, दोन भाग केले, ते एकावर एक ठेवून पुन्हा घडी, पुन्हा नख, आणि चार सारखे तुकडे चहाच्या बशीत मांडले. पालिकेच्या मलनिःसारण खात्यात अठ्ठावीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाचा राग असाच असतो. त्याला चिडायचं झालं तरी समास सोडूनच चिडता येतं.

तिकिटं साडूने आणली होती. साडू आणि मेहुणी शुक्रवारी पाहुणे म्हणून आले, आणि शनिवारी सकाळी दात घासायच्या आधी साडूने चार तिकिटं काढून आणली. साडूला सहलींचं वेडच होतं. कुठल्याही नव्या गावात गेला की हा माणूस आधी टूर बसमध्ये बसणार, गाईड सांगेल तिकडे मान वळवणार, सांगेल तितकी मिनिटं थांबणार आणि संध्याकाळी तृप्त होऊन झोपणार. अशा एकेचाळीस सहली त्याच्या खात्यावर जमा होत्या. ही बेचाळिसावी: ‘नगरदर्शन, एका दिवसात आठ ठिकाणं आणि दीपगृहाचं बेट, बोटीसकट.’

“भाऊजी, हे काय केलंत?” मेहुणी बशीकडे बघत म्हणाली.

“माझ्या गावात मला कुणी झेंडी दाखवत फिरवायचं आणि मी मेंढरासारखं मागे मागे जायचं? शक्य नाही!”

“झेंडी दिशा कळावी म्हणून असते,” साडू शांतपणे म्हणाला. (साडूचा शांतपणा हाच त्याचा सगळ्यात मोठा दुर्गुण होता, असं आरेखकाचं मत होतं.)

“मला दिशा कळते. या शहराचा इंच न इंच माझ्या हाताखालून गेलाय.”

हे अगदी खरं होतं. फक्त तो ट्रेसिंग पेपरवरून गेला होता, एका इंचाला दोनशे फूट या प्रमाणात. प्रत्यक्षात आरेखक सकाळी अकरा नंबरच्या बसने ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी अकरा नंबरच्याच बसने परत यायचा. त्या रस्त्याच्या डावी-उजवीकडे काय आहे ते त्याला खिडकीची जागा मिळेल त्या दिवशी दिसायचं. पण हे त्याला सांगायचं कुणी?

सांगू शकली असती ती एकटी त्याची बायको. ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, ती त्या खिडकीतून एक बेट बघत होती. बेटावर पांढरं दीपगृह होतं. भाजी परतताना, कणीक मळताना, शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासताना ते समोर असायचं. पहिल्याच वर्षी आरेखकाने तिला बेटावर न्यायचं कबूल केलं होतं. तेव्हा एक तातडीचं ट्रेसिंग निघालं. दुसऱ्या वर्षी समुद्र खवळलेला होता. तिसऱ्या वर्षापासून आरेखकाने कारण शोधायचेही कष्ट घेतले नाहीत, नुसतं ‘पुढच्या महिन्यात’ म्हणू लागला.

ती वळली. “आज शेवटची बोट साडेअकराला आहे,” ती म्हणाली. “उद्यापासून बेटावरचा धक्का दुरुस्तीला बंद. तीन वर्षं. मला आज तिथे जायचंय. बसने जाऊ, चालत जाऊ, रांगत जाऊ, मला त्याचं काही नाही. मला जायचंय.”

“अगं, अकराच्या आत तुला धक्क्यावर उभी करतो. वर शहर दाखवतो ते वेगळंच. त्या गाईडला सात जन्मांत दाखवता येणार नाही असं.”

“आणि बोट चुकली तर?”

“चुकणारच नाही.”

“मी गणित शिकवते. मला ‘तर’चं उत्तर लागतं.”

आरेखकाकडे ‘तर’चं उत्तर नव्हतं, म्हणून त्याने आवाज चढवला. मग मेहुणीने ताईची बाजू घेतली, साडूने टूरचं छापील वेळापत्रक वाचून दाखवलं, आरेखकाने वेळापत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि हे सगळं होईपर्यंत आठ वाजून दहा मिनिटं झाली. बस पालिका चौकातून बरोबर आठला सुटली होती. वाद आपोआप मिटला. उरलेली तीन तिकिटं साडूने नीट पाकिटात ठेवली आणि म्हणाला, “बोटीला चालतील. टूरवाले बोट धक्क्यावरच पकडतात.”

“ठेवा, ठेवा,” आरेखक म्हणाला. “मी माझं धक्क्यावर काढीन.” त्याने कपाटातून नळकांडं काढलं, त्यात गुंडाळलेला शहराचा नकाशा तपासला, छत्री घेतली आणि मोहिमेवर निघाल्यासारखा जिना उतरला. मागून बायको थर्मास आणि सँडविचचा डबा घेऊन निघाली.

पहिलं ठिकाण संग्रहालयाचा चौक. समोर घुमट, रुंद पायऱ्या, दगडी सिंह. तिघांनी माना वर केल्या.

“वर काय बघताय? खाली बघा!”

तिघांनी खाली बघितलं. रस्त्याच्या कडेला एक लोखंडी झाकण होतं.

“चेंबर क्रमांक एकशे चार,” आरेखक म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा घोगरा झाला. “बारा फूट खोल. तीन बाजूंनी येतं, एका बाजूने जातं. असं चेंबर सगळ्या शहरात दुसरं नाही.”

“काय येतं?” मेहुणीने विचारलं आणि लगेच तिला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

“आणि तो घुमट?” साडू म्हणाला.

“तो नंतरचा. त्याच्यावरचं पावसाचं पाणीसुद्धा शेवटी इथेच यायचं आहे.”

इतक्यात मागून हॉर्न वाजला. टूर बस संथपणे चौकाला वळसा घालत होती. खिडक्यांतून चाळीस माणसं आणि माइकमधून गाईडबाईचा गोड आवाज बाहेर येत होता: “उजवीकडे पाहा, दीडशे वर्षांचं संग्रहालय. डावीकडे...” डावीकडे चार माणसं झाकणाभोवती वर्तुळ करून उभी होती. गाईडबाई क्षणभर थांबली. “डावीकडे काही नाही.”

तरीही डावीकडच्या सात-आठ जणांनी फोटो काढले.

“आपल्या चार जागा रिकाम्या आहेत त्यात,” बायको बसकडे बघत म्हणाली.

“खिडकीच्या,” साडू म्हणाला.

आरेखकाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे निघाला. पुढच्या तासाभरात त्याने त्यांना जुन्या न्यायालयाशेजारचं वायुवीजन धुराडं दाखवलं, बागेखालून जाणारी विटांची कमानदार वाहिनी (वरून अर्थातच फक्त बाग दिसत होती) समजावून सांगितली, आणि राजवाड्यासमोर उभं करून राजवाड्याला स्वतंत्र जोडणी कोणत्या साली मिळाली ते सांगितलं. गंमत अशी की तो चांगलं सांगत होता. अठ्ठावीस वर्षांत त्याला कुणीही एक प्रश्न विचारला नव्हता, आणि उत्तरं मात्र आत साठत गेली होती. आता ती तुंबलेल्या वाहिनीतून सुटावीत तशी सुटली.

राजवाड्यापाशी एक म्हातारं जोडपं त्यांच्या जवळ सरकलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात कॅमेरा, म्हातारीच्या डोक्यावर परातीएवढी टोपी. त्यांचीही सकाळची बस चुकली होती.

“हा कुठला टूर आहे?” म्हातारीने विचारलं.

आरेखकाने साडूकडे एक कटाक्ष टाकला. “भूमिगत,” तो म्हणाला.

“अगं बाई!” म्हातारी खूश झाली. “आम्ही आलो तर चालेल?”

चालेल म्हणजे काय! आरेखकाने छाती पुढे काढली आणि मागच्यांना दिसावं म्हणून छत्री उंच धरली.

“ही झेंडीच झाली की,” साडू म्हणाला.

“ही छत्री आहे.”

“मिटलेली आहे.”

“माझी छत्री आहे, मी कशीही धरीन!”

उंच धरलेल्या वस्तूमागे जाण्याची माणसांना खोडच असते. पंपिंग स्टेशनपर्यंत छत्रीमागे चौदा पाहुणे जमले होते, घरचे वेगळे. आरेखकाने सगळ्यांना स्टेशनच्या भिंतीला कान लावायला सांगितलं. चौदा जणांनी एका रांगेत कान लावले. म्हातारीने तर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “ह्यांचं पोट असंच गुरगुरतं.” सगळे हसले. आरेखकही हसला. त्याला वाटलं, इतकी वर्षं आपण त्या ट्रेसिंगच्या टेबलावर काय करत होतो?

“अकराला दहा कमी,” बायको म्हणाली.

हे ती पाचव्यांदा सांगत होती. पहिल्या चार वेळा तो ‘हो हो’ म्हणाला होता. आता मात्र त्याने घड्याळ बघितलं. पण चौदा माणसं बघत असताना घाई चेहऱ्यावर येऊ द्यायची नसते. त्याने नळकांड्यातून नकाशा काढला, पंपिंग स्टेशनच्या पायरीवर पसरला आणि त्यावर बोट ठेवलं.

“आपण इथे. आणि हा धक्का. ही बघा सरळ रेघ, मुख्य वाहिनी क्रमांक सात. सातशे मीटर, कुठेही वळण नाही. पाणी याच वाटेने समुद्राला जातं, आपणही जाऊ.”

“पाणी जमिनीखालून जातं, भाऊजी,” साडू म्हणाला. “रस्त्याने विचारत गेलो तर?”

“विचारत? माझ्या गावात मी रस्ता विचारू?”

आणि वरात निघाली. पहिले शंभर मीटर रेघ आणि रस्ता यांचं छान जमलं. मग रस्ता डावीकडे वळला आणि रेघ सरळ गेली. सरळ म्हणजे एका सलूनमध्ये. आरेखक क्षणभर थबकला, मग छत्री जरा खाली घेऊन काच ढकलून आत शिरला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालाला साबण होता आणि वस्तरा हवेत. आरशात त्याला एकामागून एक अठरा माणसं मागून जाताना दिसली.

“एकेक करून बसा हो!” सलूनवाला ओरडला. “सगळे एकदम नाही!”

“आम्हाला फक्त पलीकडे जायचंय,” मेहुणी शरमेने म्हणाली.

मागच्या दाराने अंगण, अंगणात वाळत घातलेल्या चादरी, चादरींतून वाट काढली की एक दार, आणि दारापलीकडे दंतवैद्याचा दवाखाना. तिथे एक कडक बाई टेबलाशी बसली होती. “नंबर घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही,” तिने बजावलं. वाद घालण्यात आणखी सहा मिनिटं गेली असती. म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने नंबर घेतले आणि पुढच्या दाराने रस्त्यावर आले. बाहेर मोजले तर एक जण कमी. सकाळपासून त्याची दाढ ठणकत होती, तो आतच थांबला होता.

“अकरा वाजून चार मिनिटं,” बायको म्हणाली. ती आता सगळ्यांच्या पुढे चालत होती.

शेवटी दगडी पायऱ्या आल्या, खारा वारा आला आणि समोर समुद्र दिसला. आरेखकाने छत्री झेंड्यासारखी रोवली. “पोहोचलो! म्हटलं होतं ना? अकरा दहाला धक्का!”

पायऱ्यांच्या खाली सात फूट व्यासाचं काँक्रीटचं एक तोंड होतं आणि त्यातून जे समुद्राला मिळत होतं ते धक्क्यावरून सुटणाऱ्या कुठल्याही बोटीसारखं दिसत नव्हतं. तेरा पाहुण्यांनी एकदम रुमाल काढले. बोट होती. नाही असं नाही. पण ती खाडीच्या मुखापलीकडे, दोनशे मीटरवर, नव्याकोऱ्या धक्क्याला लागलेली होती. नगरदर्शनवाल्यांची रांग तिथे उभी होती. गाईडबाईची झेंडी इथूनही स्पष्ट दिसत होती.

“पलीकडे जायला पूल कुठे आहे?” साडूने विचारलं.

पूल मागे होता. वळसा चाळीस मिनिटांचा.

आरेखकाने नकाशा उघडला. वाहिनी क्रमांक सातच्या टोकाशी सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: धक्का. अक्षर त्याचंच होतं. त्याच्या आधीच्या आरेखकाने तसंच लिहिलं होतं आणि त्याच्याही आधीच्याने तसंच. जुना नकाशा जीर्ण झाला की त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि जसं आहे तसं उतरवायचं, हीच त्यांच्या विभागाची शिस्त. धक्का इथून हलवून किती वर्षं झाली कोण जाणे. आरेखकाने तो शब्द स्वतःच्या हाताने नऊ वेळा लिहिला होता आणि एकदाही इथे येऊन बघितला नव्हता.

बायको पायरीवर बसली. ती ओरडली असती तर आरेखकाला सोपं गेलं असतं. ओरडण्यावर त्याच्याकडे उत्तरं तयार होती.

“मला माहीत होतं,” ती हळूच म्हणाली. “बसमध्ये बसायचं होतं मला. नुसतं बसायचं होतं, बाकी त्यांनी नेलं असतं. बावीस वर्षं मी भांडी घासताना ते बेट बघते. कधीकधी वाटतं, ते खरं नाहीच, खिडकीवरच काढलंय कुणीतरी.”

मेहुणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. साडूने पाकीट काढलं, तीन तिकिटांकडे बघितलं आणि पुन्हा आत ठेवलं.

आरेखकाला फार वाईट वाटलं. इतकं वाईट त्याला ऑफिसात कधी वाटलं नव्हतं आणि घरी वाटलं तेव्हा त्याने वर्तमानपत्र उघडलं होतं. इथे वर्तमानपत्र नव्हतं. “चुकलं माझं,” तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडात बसेना, म्हणून त्याने तो पुन्हा एकदा नीट म्हटला. “चुकलं माझं. पण अजून वीस मिनिटं आहेत.”

काँक्रीटच्या तोंडाशी एक सपाट, काळी होडी बांधलेली होती. तिच्यावर त्याच्याच खात्याचं नाव होतं. गाळ काढायची होडी. (ओहोटी रविवार बघत नाही, त्यामुळे गाळवालेही बघत नाहीत.) कठड्यावर मुकादम विडी ओढत बसला होता. आरेखक आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हुकूम द्यायला निघाला.

“ही होडी पलीकडे न्यायची आहे. तातडीने.”

“आपण कोण?”

“कनिष्ठ आरेखक. मुख्य कचेरी.”

“ऑर्डर?”

“तोंडी.”

“तोंडी ऑर्डरवर मी घरी पाणीसुद्धा भरत नाही,” मुकादम म्हणाला. “लेखी पाहिजे. सहीशिक्क्याची.”

इतर कुठल्याही दिवशी आरेखक इथूनच माघारी फिरला असता. नियम होता आणि नियमासमोर मान तुकवायची त्याच्या मानेला सवय होती. पण त्याने एकदा पायरीकडे बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं. खड्ड्यात गेला नियम! त्याने नकाशा उलटा केला, कठड्यावर पसरला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या सुंदर अक्षरात लिहायला सुरुवात केली. समाससुद्धा सोडला.

“आदेश. वाहिनी क्रमांक सातच्या मुखाची समुद्राच्या बाजूने पाहणी करण्यासाठी खालीलप्रमाणे त्रिसदस्यीय समिती गठित करण्यात येत आहे. समितीस पलीकडच्या धक्क्यावर तात्काळ पोहोचवावे. साहेबांच्या वतीने.”

सही केली. शिक्का राहिला. आरेखकाने बायकोच्या हातातून थर्मास घेतला, त्याचं झाकण काढलं, खालच्या गाळात बुडवलं आणि सहीवर दाबलं. काळाभोर गोल उमटला.

मुकादमाने कागद उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाला, “मुख्य कचेरीचा इतका स्वच्छ शिक्का मी पहिल्यांदाच बघतोय.” त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. “समितीचे अध्यक्ष कोण?”

“ह्या,” आरेखक बायकोकडे बोट दाखवून म्हणाला.

मुकादमाने विडी विझवून सलाम ठोकला. बायकोने डोळे पुसले, उठली, आणि शाळेत साहेब तपासणीला आल्यावर उभी राहते तशी ताठ उभी राहिली. “चला,” ती म्हणाली. “अकरा सोळा झालेत.”

“तुम्ही येत नाही?” मेहुणीने विचारलं.

“चौथ्याला जागा नाही, आणि माझं तिकीट बशीत आहे. जा तुम्ही.”

“भाऊजी, सोमवारी हे अंगाशी येईल हो,” साडू होडीत पाय ठेवता ठेवता म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा हलला होता.

“सोमवारचं सोमवारी!” आरेखक गरजला. “बसा!”

होडी सुटली. मुकादम वल्हं मारत होता, साडू नाक धरून बसला होता आणि मेहुणीने सँडविचचा डबा उराशी घट्ट धरला होता. बायको पुढच्या टोकाला बसली होती. आरेखक घड्याळाकडे बघत होता आणि मनातल्या मनात वल्हं मारत होता. अकरा सव्वीसला होडी धक्क्याला टेकली. धक्क्यावरची माणसं दोन पावलं मागे सरकली, त्यामुळे वाट आपोआप मोकळी झाली. तिकिटं दाखवली गेली. गाईडबाईने काहीतरी विचारलं, बायकोने काहीतरी सांगितलं, आणि मग ती फळीवरून चढून बोटीत गेली. भोंगा वाजला.

आरेखकाने छत्री उघडून दोन्ही हातांनी हलवली. बायकोने मागे वळून बघितलं नाही. ती समोर बघत होती, बेटाकडे. त्याला बरं वाटलं आणि थोडंसं वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं.

मग त्याला आठवलं की आपल्या मागे तेरा माणसं उभी आहेत.

“पुढे काय?” टोपीवाल्या म्हातारीने रुमालातून विचारलं.

पुढे आरेखकाने जे केलं ते त्याच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं व्याख्यान होतं. वाहिनी क्रमांक सातच्या मुखाशी, वाऱ्यावर, छत्री फिरवत त्याने या शहराच्या पोटातली सगळी हकीगत सांगितली. स्वतःच्या नकाशातली चूकही सांगितली, अगदी नऊ वेळा लिहिल्याच्या हिशोबासकट, आणि त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. शेवटी टाळ्या पडल्या. (रुमाल धरायला एक हात लागत असल्याने टाळ्या मांडीवर वाजवाव्या लागल्या, पण वाजवल्या.) म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “आम्ही जग फिरलो, पण असं आम्हाला कुणी दाखवलं नाही.” दोघांनी तर पुढच्या रविवारी कुठून निघणार असंही विचारलं.

तीनला आरेखक पलीकडच्या धक्क्यावर पोहोचला. वाटेत त्याने तीन वेळा रस्ता विचारला आणि तिन्ही वेळा त्याला काही झालं नाही. बाकावर बसून तो वाट बघू लागला. त्याच्या डोक्यात आता फार मोठमोठे विचार येत होते. सोमवारी साहेबांसमोर काय बोलायचं ते त्याने ठरवून टाकलं. ‘हो, मीच लिहिली ऑर्डर. काय करायचं ते करा.’ तो एकटाच दोन-तीनदा पुटपुटला आणि दर वेळी त्याला ते अधिकच आवडलं.

चारला बोट आली. बायको उतरली तेव्हा तिचे केस वाऱ्याने विस्कटले होते, बुटांना काळा गाळ होता आणि चेहरा असा दिसत होता की आरेखकाला लग्नाचे दिवस आठवले. मेहुणी आणि साडू मुद्दाम मागे रेंगाळले.

“पाहिलंस?” त्याने विचारलं.

“पाहिलं. एकशे शहाऐंशी पायऱ्या आहेत. मी सगळ्या चढले.” ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. “वर मोठी दुर्बीण आहे हो. तिच्यातून आपलं घर दिसतं. आपली खिडकी दिसते. मी किती वेळ बघत बसले, मागे रांग लागली.” मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला. “तुमच्यामुळे गेले मी. नाही म्हणायचं नाही मला. त्या मुकादमासमोर तुम्ही उभे राहिलात ना, तेव्हा वाटलं, बरं झालं याच माणसाशी लग्न केलं.”

आरेखकाने मांडीवरची छत्री सारखी केली. “मी... मीही दिसलो का दुर्बिणीतून?”

“दिसलात की! छत्री गरागरा फिरवत होतात. गाईडबाईनेच दुर्बीण तिकडे वळवली. चाळीसच्या चाळीस जणांनी पाहिलं तुम्हाला.”

“चाळीस?” आरेखक बाकावर सरळ झाला. “मग? काय म्हणाले?”

“सगळे विचारायला लागले, तो माणूस कोण? गाईडबाईला काही सांगता येईना, तिने माझ्याकडे बघितलं. तिने आम्हाला त्या होडीतून येताना पाहिलं होतं ना.”

“मग तू काय सांगितलंस?” आरेखकाने विचारलं, आणि उत्तर साडूलाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच विचारलं.

बायकोने बुटावरचा गाळ बाकाच्या पायाला पुसला.

“मी म्हटलं, असेल कुणीतरी बाहेरगावचा.”